रिकामा ताबा: नाशिकमध्ये जुनं घर घेताना चावी हातात पडेपर्यंत काय काय पाहायचं

खरेदीखताच्या शेवटाकडे एक ओळ हमखास असते: "सदर मिळकतीचा प्रत्यक्ष, खुला व शांततामय कब्जा लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना आज रोजी दिला असे." (लिहून देणार म्हणजे विकणारा, लिहून घेणार म्हणजे तुम्ही.) दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो निघतो, अंगठा उठतो, सह्या होतात. ती ओळ कुणी मोठ्याने वाचत नाही. बऱ्याचदा त्याच क्षणी त्या घरात विकणाऱ्याचा फ्रिज चालू असतो, गॅलरीत कपडे वाळत असतात, नाहीतर मागच्या खोलीत भाडेकरूचा मुलगा अभ्यासाला बसलेला असतो.

दस्त नोंदवणारा अधिकारी घर रिकामं आहे का हे बघायला येत नाही, ते त्याचं कामही नाही. नोंदणी झाली याचा अर्थ कागद सरकारदरबारी नोंदला गेला, इतकाच. ताबा मिळाला नसताना तुम्ही "ताबा मिळाला" या ओळीखाली सही केलीत, तर उद्या कोर्टात सगळ्यात आधी तुमचाच दस्त तुमच्यासमोर धरला जाईल.

रिकामा ताबा म्हणजे घरात माणूस नाही, सामान नाही आणि तिथे राहण्याचा हक्क सांगणारं तिसरं कुणी नाही. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात. तिसरी दिसत नाही, आणि खरा घोळ तिथेच होतो. घर बंद आहे, कुलूप आहे, आत धूळ साचली आहे, म्हणून ते रिकामं असेलच असं नाही. ते कुलूप कुणाचं आहे, हा खरा प्रश्न.

विसार (आगाऊ रक्कम) देण्याआधी: घरात कोण आहे?

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ मध्ये, कलम ३ खाली, एक स्पष्टीकरण आहे. एखाद्या मिळकतीत प्रत्यक्ष कुणी राहत असेल, तर त्याचा जो काही हक्क असेल तो घेणाऱ्याला माहीत होता असं कायदा धरून चालतो. "मला कुणी सांगितलंच नाही" हा बचाव तिथे टिकत नाही. म्हणजे चौकशी करण्याची जबाबदारी तुमची. विकणाऱ्याने खोटं सांगितलं तर त्याच्याशी वेगळं भांडता येईल, पण आत बसलेला माणूस तेवढ्याने उठत नाही.

म्हणून घर किमान दोनदा बघा. एकदा एजंटबरोबर, ठरवून. दुसऱ्यांदा संध्याकाळी आठच्या सुमाराला किंवा रविवारी सकाळी, न सांगता, सोसायटीच्या गेटपर्यंत तरी. वॉचमन, शेजारी, खालचा किराणावाला यांना सहज विचारा: "तीनशे दोनमध्ये कोण राहतं?" उत्तर विकणाऱ्याच्या नावाशी जुळलं नाही तर तिथून पुढे खोदा.

कागदांतही बरंच दिसतं, फक्त नेहमीपेक्षा वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. सोसायटीचं मेंटेनन्स बिल मागा. त्यात 'नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस' लावलेले असतील तर सोसायटीच्या दप्तरी तिथे भाडेकरू आहे. (हा आकार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक लावता येत नाही, त्यामुळे रक्कम किरकोळ असते आणि बिलात नजरेतून सुटते.) महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. विकणारा म्हणतो फ्लॅट वर्षभर बंद आहे, आणि बिलात दरमहा शंभर-दीडशे युनिट, तर कुणीतरी तिथे दिवे लावतंय. खरोखर बंद असलेल्या फ्लॅटचं बिल जेमतेम स्थिर आकारापुरतं येतं. मीटर कुणाच्या नावावर आहे, गॅस जोडणी कुणाची, तेही बघून घ्या.

बंगला किंवा रो-हाउस असेल तर प्रत्येक दार उघडायला लावा. माळा, जिन्याखालची खोली, गच्चीवरची खोली, मागचं आउटहाउस, सगळं. सिडकोतल्या वाढवलेल्या घरांत वरच्या मजल्याला वेगळा जिना आणि वेगळा भाडेकरू ही नेहमीची गोष्ट आहे. पार्किंगमध्ये तीन वर्षांची धूळ खात उभी असलेली कुणाची तरी गाडी, गच्चीवरचा मोबाइल टॉवर, कंपाउंडच्या भिंतीला टेकलेली टपरी, राखणदाराची पत्र्याची खोली यांच्यामागेही कुणाचा ना कुणाचा हक्क असू शकतो. "त्या खोलीची चावी गावाला राहिली" असं उत्तर आलं, तर चावी येईपर्यंत विसाराची रक्कम खिशातच राहू द्या.

विसार शेवटी द्यायचा झाला तर चेकने किंवा बँकेतून. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि व्यवहार मोडला तर रोख दिलेल्याचा पुरावा उभा करताना घाम फुटतो.

भाडेकरू निघाला तर

घाबरून व्यवहार सोडण्याआधी तो कोणत्या जातकुळीचा भाडेकरू आहे ते ठरवा.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदत राहण्याच्या परवान्याचा करार. करार लेखी आहे, मुदत लिहिलेली आहे, संपण्याची तारीख समोर आहे. मुदत संपूनही तो गेला नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याला बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाड्याच्या दराने नुकसानभरपाई लागू होते.

करार तोंडी आहे किंवा नुसता शंभराच्या स्टँपवर नोटरी केलेला आहे, तर गोष्ट वेगळी. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती पाळली नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. "मालकांनी मला दहा वर्षं राहा म्हणून सांगितलं होतं" असं तो म्हणाला, की खोटं ठरवण्याचा भार तुमच्या बाजूला येतो.

तिसरा प्रकार जुन्या नाशकातला. भद्रकाली, रविवार कारंजा, पंचवटीतले वाडे आणि चाळी, जिथे दोन-तीन पिढ्या जुन्या भाड्याने राहत आल्या आहेत. हे संरक्षित भाडेकरू. मूळ भाडेकरू वारला तरी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जाऊ शकतो. मालक बदलला म्हणून त्यांचा हक्क संपत नाही, तुम्ही फक्त नवे घरमालक होता. अशा वाड्याबद्दल "सहा महिन्यांत रिकामा करून देतो" हे आश्वासन कुणीही दिलं तरी त्यावर एक रुपयाही देऊ नका. एक तर भाडेकरूंसकट घ्या आणि किंमत त्या हिशेबाने पाडा, नाहीतर विकणाऱ्याने भाडेकरूंकडून हक्क सोडल्याचे नोंदणीकृत दस्त करून, खोल्या खाली करून, मग यावं. मधला रस्ता नाही.

साध्या, करारावरच्या भाडेकरूच्या बाबतीत व्यवहार अडतो तो बहुतेक वेळा एकाच जागी, डिपॉझिटवर. डिपॉझिट परत मिळाल्याशिवाय तो चावी देत नाही, विकणाऱ्याने ते पैसे केव्हाच खर्च केलेले असतात, आणि तो तुमच्या पैशाची वाट बघत बसलेला असतो. तिघेही एकमेकांकडे बघत राहतात. यावर उपाय साधा आहे. किमतीतली तेवढी रक्कम थेट भाडेकरूच्या नावाच्या चेकने, घर खाली झाल्याच्या दिवशी, द्यायचं ठरवा. ही रक्कम विकणाऱ्याच्या सांगण्यावरून आणि त्याच्या वतीने दिली, हे खरेदीखतात चेक नंबरसह लिहा. भाडेकरूकडून एका कागदावर घ्या: डिपॉझिट पूर्ण मिळालं, सामान नेलं, सगळ्या चाव्या दिल्या, या मिळकतीवर माझा वा माझ्या कुटुंबीयांचा कोणताही हक्क राहिलेला नाही. तारीख, सही, दोन साक्षीदार.

भाडेकरूशी एकदा स्वतः बोला. कधीपासून राहता, भाडं कुणाच्या खात्यात जातं, डिपॉझिट किती, मालकाबरोबर आणखी काही कागद झालाय का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. कधी कधी भाडेकरूनेच ते घर विकत घेण्यासाठी विसार दिलेला असतो.

घरचीच माणसं

भाडेकरूपेक्षा अवघड असतात ती नात्याची माणसं, कारण त्यांचा कागद नसतो. विकणाऱ्याशी बेबनाव असलेली पत्नी, विधवा आई, न विचारता राहणारा भाऊ. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ प्रमाणे स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क सांगता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा एकट्या मालकाच्या सहीवर समाधान मानू नका. घरात राहणाऱ्या प्रौढ माणसांची, निदान पती किंवा पत्नीची, संमती देणार म्हणून सही घ्या.

वडिलोपार्जित घरातला एका भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांसाठी एक सूचना. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला, तर त्याला तिथे बाकीच्यांबरोबर ताबा मिळत नाही. वाटपाचा दावा लावायचा आणि वाट बघायची. राहायला घर हवं असेल तर तो हिस्सा स्वस्तही नाही.

साठेखतात (खरेदीखताआधीच्या करारात) काय लिहून घ्यायचं

"ताबा खरेदीखताच्या वेळी देण्यात येईल" एवढ्याने भागत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्येही विकणाऱ्याने ताबा द्यायचा तो 'मिळकतीच्या स्वरूपाप्रमाणे शक्य असेल तसा', असं आहे. भाडेकरू असलेल्या मिळकतीत त्याचा अर्थ भाडेकरूसकट असाही निघू शकतो. म्हणून 'रिकामा' हा शब्द, आणि त्याचा अर्थ, कागदावर हवा. वकिलाला दाखवून असा मजकूर घालता येईल:

"लिहून देणार हे दिनांक ___ रोजी किंवा तत्पूर्वी सदर मिळकत, तिच्या गॅलरी, माळे व वाहनतळाच्या जागेसह, कोणतीही व्यक्ती व परिशिष्टात नमूद नसलेले कोणतेही सामान न ठेवता, तसेच कोणाही त्रयस्थाचा भाडेकरू, परवानाधारक, वारस वा इतर नात्याने वहिवाटीचा हक्क न ठेवता, रिकामी करून लिहून घेणार यांच्या ताब्यात देतील. तसे न केल्यास प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत दररोज रुपये ___ नुकसानभरपाई देतील."

दररोजची रक्कम वाजवी ठेवा. त्या भागातल्या भाड्याच्या दुप्पट-तिप्पट ठीक. पन्नास हजार रोज असं लिहिलं तर कोर्ट ती रक्कम कमी करतं, आणि कागदाचा आबही जातो.

साठेखतातच ताबा दिल्याचं लिहिलं तर मुद्रांक शुल्क खरेदीखताइतकं पूर्ण भरावं लागतं (ते पुढे खरेदीखतात वळतं होतं), आणि साठेखत नोंदवलेलं नसेल तर त्या ताब्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ चं संरक्षण मिळत नाही. नोटरीवर साठेखत करून आधीच राहायला जाण्याचा मोह टाळावा.

फर्निचरची यादी वेगळी करा. मॉड्युलर किचन, गीझर, पंखे, इन्व्हर्टर, पडद्यांच्या दांड्या: काय राहणार, काय जाणार. उलट बाजूनेही बघा. विकणारे जुनं लोखंडी कपाट, मोडका सोफा, माळ्यावरची भांडी "तुम्हालाच उपयोगी पडेल" म्हणून ठेवून जातात. १९४६ सालच्या एका इंग्लिश निकालात गोदामाच्या तळघरात कडक झालेली सिमेंटची पोती सोडून गेलेल्या विक्रेत्याने रिकामा ताबा दिलाच नाही असं ठरलं होतं. आपल्याकडे कुणी पोत्यांवरून कोर्टात जात नाही, पण माळा उपसायला टेंपो आणि दोन माणसं लागतात, आणि ते पैसे तुमचे जातात.

पैसे आणि चावी यांची वेळ

सगळा जोर इथे आहे. शेवटची मोठी रक्कम तुमच्या हातात आहे तोवर विकणारा फोन उचलतो.

गृहकर्ज असेल तर अडचण अशी की बँकेचा डीडी नोंदणीच्या दिवशीच विकणाऱ्याला जातो, तुमच्या हातात काही उरत नाही. म्हणून क्रम फिरवा: नोंदणीच्या दिवशी सकाळी आधी घरी जा, प्रत्येक खोली रिकामी बघा, मगच निबंधक कार्यालयाकडे निघा. सामान अजून बांधायचं बाकी असेल तर त्या दिवशीची नोंदणी पुढे ढकला. टोकनची वेळ पुन्हा घेता येते.

काही रक्कम मागे ठेवायची तर खरेदीखतात तसं लिहावं लागतं. न दिलेली रक्कम 'मिळाली' लिहून कुणाचंच भलं होत नाही, आणि बाकी राहिलेल्या किमतीचा विकणाऱ्याचा बोजा मिळकतीवर बसतो, तो बँकेला आवडत नाही. त्यापेक्षा पूर्ण किंमत द्यावी आणि ताब्याची हमी म्हणून विकणाऱ्याकडून वेगळ्या कागदावर ठरावीक रकमेचा चेक घ्यावा, हे जास्त सुटसुटीत.

आता सगळ्यात नेहमीची विनंती: "मुलांची परीक्षा होईपर्यंत राहू द्या", "पितृपक्षात सामान हलवत नाही, घट बसले की निघतो". नात्यातला, ओळखीचा माणूस असतो, नाही म्हणवत नाही. म्हणू नकाच, पण तोंडी हो म्हणू नका. खरेदीखतानंतर तो राहणार असेल तर त्याच दिवशी तेवढ्या मुदतीचं नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करा, भाडं नाममात्र असलं तरी चालेल, डिपॉझिट मात्र बोचेल इतकं घ्या. कालचा मालक आज तुमचा परवानाधारक झाला, की कलम २४ चा रस्ता तुम्हाला मोकळा. हा कागद नसेल तर उद्या त्याने "मी तर भाडेकरू" म्हटलं की भाडे नियंत्रण कायद्याचं वर सांगितलेलं कलम ५५ तुमच्याच विरुद्ध फिरतं. आणि त्या काळात वास्तुशांतीची पत्रिका छापायला देऊ नका.

ताब्याच्या दिवशी

उजेडात जा. पूर्ण घराचा, माळ्यांसकट, एक सलग व्हिडिओ काढा. वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो घ्या. सगळ्या चाव्या मोजून घ्या: मुख्य दार, सेफ्टी डोअर, गच्ची, लेटरबॉक्स, पार्किंगचं फाटक. ताबा पावती दोन प्रतींत करा. तिच्यात तारीख आणि वेळ, मीटर रीडिंग, चाव्यांची संख्या, राहिलेल्या वस्तूंची यादी, सह्या, साक्षीदार. शक्य असेल तर एक साक्षीदार सोसायटीच्या कमिटीतला असावा. घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या महापालिकेच्या पावत्या, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि महावितरणचं शेवटचं भरलेलं बिल त्याच दिवशी मूळ स्वरूपात हातात घ्या. थकबाकी माणसाबरोबर जात नाही, मिळकतीला चिकटून राहते.

बिल्डरकडून नवा फ्लॅट घेत असाल तर प्रश्न वेगळा असतो. घर रिकामंच असतं, पण भोगवटा दाखला, म्हणजे इमारत वापरायला मिळणारी अधिकृत परवानगी, आलेला नसतो. 'फर्निचरसाठी ताबा' म्हणून दिलेलं पत्र हा कायदेशीर ताबा नव्हे. रेरा कायद्यात ताबा घेण्याची दोन महिन्यांची मुदत भोगवटा दाखल्यापासून मोजली जाते, त्या पत्रापासून नाही. बँकेच्या लिलावातलं घर असेल तर जाहिरातीत 'सांकेतिक ताबा' लिहिलंय की 'प्रत्यक्ष ताबा', एवढं आधी वाचा. सांकेतिक असेल तर आत कर्जदार अजून राहत असतो, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने तो बाहेर निघेपर्यंतचा काळ तुमच्या बोलीच्या हिशेबात धरलेला असायला हवा.

ताबा मिळालाच नाही तर

आधी वकिलामार्फत नोटीस. साठेखतावर अडलं असेल तर करारपूर्तीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. साठेखतात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर त्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळल्यापासून. दाव्यात ताब्याचीही मागणी स्पष्ट करा. खरेदीखत झालं असेल तर मालकीच्या जोरावर ताब्याचा दावा. पोलीस ठाण्यात गेलात तर बहुधा "हे दिवाणी प्रकरण आहे" असंच उत्तर मिळेल.

कुलूप तोडणं, सामान बाहेर काढणं, वीज-पाणी तोडणं यातलं काहीही करू नका. जबरदस्तीने बाहेर काढलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हे पाहिलंच जात नाही. खरेदीखत तुमच्या नावावर असूनही तुम्ही हरू शकता. भाडेकरूचं पाणी-वीज तोडण्याला भाडे नियंत्रण कायद्यातही वेगळी मनाई आहे.

ताबा नीट मिळाला, तर त्याच संध्याकाळी मुख्य दाराचं कुलूप बदला. जुन्या चावीच्या किती प्रती कुणाकुणाकडे आहेत, हे विकणाऱ्यालाही आठवत नसतं. मग त्या आठवड्यात महावितरणचं नाव, महापालिकेच्या विभागीय कार्यालयात घरपट्टीचं नाव आणि सोसायटीत शेअर सर्टिफिकेट. तिन्ही ठिकाणी ताबा पावतीची एक झेरॉक्स बरोबर ठेवा.